चिपचा ठसा थरथरतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत चिपच्या अंगभूत 'ठशा'वरचा, म्हणजे घडताना राहिलेल्या बारीक फरकांतून प्रत्येक चिपला मिळणाऱ्या ओळखीवरचा लेख वाचला. असा विषय छापून आला याचा आनंद झाला, पण हा ठसा कधीच बदलत नाही म्हणून तो अभेद्य, या विधानापाशी मी अडखळलो. माझी सारी नोकरी सर्किटे तपासण्यातच झाली, तेव्हा चार ओळी लिहितो.

एसरॅम म्हणजे पॉवर असेपर्यंतच माहिती धरून ठेवणारी मेमरी. तिचा एक सेल, म्हणजे एक बिट (शून्य किंवा एक) ठेवणारा कप्पा, सहा ट्रान्झिस्टरचा. कागदावर दोन्ही बाजू अगदी सारख्या, पण घडताना त्यांत किंचित फरक राहतोच. पॉवर देताच सेल शून्याकडे किंवा एककडे झुकतो आणि बहुतेक वेळा त्याच बाजूला. सगळ्या सेलांचा हा झुकाव म्हणजेच ठसा. हा फरक कारखान्यालाही ठरवून पुन्हा आणता येत नाही. म्हणून माहिती कुलूपबंद करणारी गुप्त संख्या, म्हणजे 'की', चिपमध्ये साठवायची गरज नाही. हवी तेव्हा ती या झुकावातून काढता येते.

एका लहान मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणे चालवणाऱ्या संगणक-चिपवर) मी हे करून पाहिले. पहिल्या दिवशी सगळी शून्येच! अर्धा दिवस वायरींवर संशय घेण्यात गेला. मग लक्षात आले, की मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणारा कोडच मेमरी पुसून टाकतोय. त्याच्या आधी वाचल्यावर ठसा दिसला. झटकन बंद-चालू केले तर हुबेहूब तोच. मी खूश, पण ती तर आधीचीच मेमरी, पुरती विझली नव्हती. पॉवर काढून थोडे थांबल्यावर खरे रूप कळले: बरेचसे सेल ठाम, काही मात्र दर वेळी मत बदलणारे. हॉट एअर गन जवळ नेली तशी चंचल सेलांची संख्या वाढली.

कीमधला एक बिट चुकला तरी ती कुचकामी. म्हणून ठशासोबत चुका दुरुस्त करणारे गणित आणि मदतीची माहिती ठेवावी लागते. ही माहिती उघड्यावर असते आणि तरीही तिच्यातून की फुटता कामा नये. खरी कारागिरी इथे आहे आणि लेखात तिचा उल्लेखच नाही.

अभेद्यतेचे म्हणाल तर ठसा काढायचा दुसरा एक मार्ग म्हणजे दोन सिग्नलांची शर्यत लावणारी आर्बिटर प्रकारची सर्किटे; त्यांना दिलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे गोळा करून पुढची उत्तरे संगणकाला ओळखता येतात, हे २०१० मध्येच दाखवले गेले. २०१३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी आयन-किरणांनी दुसऱ्या चिपमध्ये फेरफार करून एसरॅमच्या ठशाची नक्कल केली. ते काम महागड्या यंत्रांचे, हे मान्य. पण या तंत्राच्या नावातच, 'फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन' (पीयूएफ) यात, 'नक्कल अशक्य' आहे. बारसे करणाऱ्यांचा उत्साह समजून घ्यावा!

पुढच्या लेखात निदान एवढे यावे: ठसा कोणत्या तापमानांत तपासला, किती बिट चुकले आणि चिप जुनी झाल्यावर त्याचे काय झाले. माझ्या खणातली ती चिप अजून चालते. तिचा पहिला ठसा वहीत उतरवलेला आहे, एकदा पुन्हा ताडून पाहीन म्हणतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ