मृण्मयीला तिच्या वाटेने जाऊ दे

पुणे, ९ जुलै

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढे मार्क असून आपली मृण्मयी कार्डिओलॉजी, म्हणजे हृदयरोगाचं क्षेत्र सोडून साथीच्या रोगांकडे कशाला जातेय, हा तुझा प्रश्न. त्यावर वाद घालण्यापेक्षा तुला सुनीती सॉलोमन यांच्याविषयी सांगतो. माहेरच्या त्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या.

मद्रास मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या, परदेशात पॅथॉलॉजी शिकल्या, १९७३ मध्ये परतल्या. मग मायक्रोबायॉलॉजीत डॉक्टरेट आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकी. यजमान व्हिक्टर हृदयाचे सर्जन. म्हणजे तुझ्या मनातलं करिअर त्यांच्या घरातच होतं बघ!

१९८१ पासून अमेरिकेतून एड्सच्या बातम्या येत होत्या. आपल्याकडे असलं काही होणार नाही, असंच बहुतेकांना वाटे. सुनीतीबाईंनी मात्र निर्मला या विद्यार्थिनीला वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचं रक्त तपासायचा विषय दिला. साधनं जवळपास नव्हतीच. निर्मलाने नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. एलायझा या रक्ततपासणीसाठी ते वेल्लोरला न्यावे लागले. १९८६ च्या सुरुवातीला त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. अमेरिकेत पुन्हा तपासून घेतले, निकाल तोच. एचआयव्ही, म्हणजे एड्सच्या विषाणूची भारतातली ही पहिली नोंद.

एवढ्यावरही त्यांचं नाव राहिलं असतं. पण मला त्यांचं खरं मोठेपण पुढचं वाटतं. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हाती नंबर लिहिलेली ट्यूब येते, पेशंट येत नाही. या बाई उठून पेशंटसमोर जाऊन बसल्या, तेही डॉक्टरच या पेशंटना हात लावायला कचरत होते तेव्हा. सुरुवातीला व्हिक्टरनाही हे काम नको होतं. या माणसांच्या कहाण्या एकदा ऐका, मग असं म्हणणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

१९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. जी. केअर ही संस्था काढली. तपासणी, उपचार, समुपदेशन, संशोधन, सगळं तिथे. आणि श्रीधर, एचआयव्ही असलेल्या तरुण-तरुणींची लग्नंसुद्धा त्या जुळवत! औषधाने आयुष्य वाढलं तर ते कुणासोबत काढायचं, याचीही काळजी डॉक्टरने करावी, हे मला फार भावतं. २०१५ मध्ये त्या गेल्या, पद्मश्री २०१७ मध्ये मरणोत्तर मिळाली.

आता मृण्मयीचं. सुनीतीबाईंच्या वेळी ठरलेली वाट नव्हती, आता आहे. आधी एमडी मेडिसिन, मग संसर्गजन्य रोगांतलं तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते होतं. म्हणजे मेडिसिनचा पाया पक्का होणारच, तुझी निम्मी काळजी तिथेच मिटते. तिला पुढच्या रविवारी माझ्याकडे पाठव, या क्षेत्रातल्या एका डॉक्टरबाईंशी गाठ घालून देतो. तोवर तिच्याशी अबोला धरू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत