आफ्रिकेला जाताना आधी खिडकी विकत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजी जवळ आली की पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत सिंह दिसू लागतात. जळगाव, धुळे, भुसावळहून केनिया-टांझानियाला गट निघू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यात ज्यांच्या गळ्यात कॅमेरा असतो, त्यांचा बराचसा पैसा चुकीच्या जागी जातो. लाख-दीड लाखाची लेन्स घेतली जाते आणि गाडीत सात जणांमध्ये मधली जागा वाट्याला येते. मग फोटोत सिंहाऐवजी शेजाऱ्याची टोपी येते.

म्हणून सहल ठरवताना पहिला प्रश्न हॉटेलचा नको, गाडीचा हवा. एका गाडीत किती जण? प्रत्येकाला खिडकी आहे का? गाडी साधी व्हॅन की चारही चाकांना ताकद देणारी लँड क्रूझर? उत्तर लेखी घ्यावे. फोटो काढणारे असतील तर एका गाडीत चार जण पुरे, म्हणजे प्राणी डावीकडे निघो वा उजवीकडे, सरकायला जागा राहते. माणशी खर्च वाढतो, हे खरे. तो लेन्समधून कापावा.

छत उघडून उभे राहण्याची हौस सगळ्यांनाच असते. लांबच्या कळपासाठी ते ठीक. पण सिंह गाडीपासून दहा-पंधरा मीटरवर बसला असेल, तर वरून काढलेल्या फोटोत त्याची पाठ आणि गवतच जास्त येते. अशा वेळी खाली बसून खिडकीतून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे. तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, गाडीत उघडतच नाही. तिच्याऐवजी कापडी पिशवी, म्हणजे बीनबॅग, रिकामी न्यावी आणि तिथल्या दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ किंवा घेवडा घेऊन भरावी. इथून ज्वारी भरून नेऊ नये. धान्य-बियाणे कस्टमला अडकते. पिशवी खिडकीच्या चौकटीवर टाकली, लेन्स तिच्यात रुतवली की हात थरथरत नाही. मात्र इंजिन बंद हवे. डिझेल इंजिनाची थरथर पिशवीतूनही लेन्सपर्यंत पोचते आणि फोटो का हलला हे घरी येईपर्यंत कळत नाही.

आता लेन्सचा हिशेब. 400 मिमी लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्याला लावली तर 25 मीटरवर ती साधारण सव्वादोन मीटर रुंदीची जागा टिपते. एवढ्यात सिंह मावतो. लहान सेन्सरच्या, दीडपट गुणकाच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स 600 सारखे काम करते. म्हणजे 100-400 पुरेशी आहे. जोडीला 24-105 सारखी एखादी लहान लेन्स असावी, कारण हत्ती अनेकदा गाडीला घासूनच जातो. 150-600 चे वजन दोन किलोच्या आसपास असते, आणि नैरोबीहून मासाई मारा या केनियातल्या राखीव क्षेत्रात (पुढे नुसते ‘मारा’) जाणाऱ्या छोट्या विमानात हातातल्या बॅगेसकट 15 किलोच सामान चालते, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस तिथे नाकारतात.

लांब लेन्सचा खरा शत्रू अंतर नाही, तापलेली हवा आहे. हे खान्देशी माणसाला समजावून सांगायला नको. वैशाखात डांबरी रस्त्यावर पाणी हलल्यासारखे दिसते, तेच. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटरवर आहे; पहाटे गारठा असतो, ऊन चढले की जमीन झपाट्याने तापते आणि नऊ-दहानंतर शंभर मीटरवरचा चित्ता पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. ऑटोफोकस डळमळतो. महागडी लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने हा दोष निघत नाही. उपाय एकच, नियमात बसेल तितके जवळ जाणे. ते जमत नसेल तर कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने बघावे.

हंगामाबाबत जाहिराती सर्वांत जास्त फसवतात. विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे आपला आषाढ ते कोजागिरी. आपल्या शाळांना सुट्टी असते ती मे महिन्यात. तेव्हा तिथे मार्च ते मे असा मोठा पावसाळा संपत आलेला असतो, गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि कळप अजून शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्याच्या मध्य-पश्चिम भागात असतात. मेच्या सहलीत ‘नदी ओलांडण्याचा थरार’ विकणाऱ्याला सरळ विचारावे, तो नेमका कुठे दाखवणार? दिवाळीपर्यंत कळप बहुधा दक्षिणेकडे परतू लागलेले असतात. शाळेचे बंधन नसलेल्यांनी जानेवारीअखेर ते मार्च या दिवसांत टांझानियातला एंडुटू भाग पाहावा. तिथे विल्डबीस्ट वितात, आणि त्यामागून चित्ते व तरस येतात. मेमध्ये जायचेच असेल तर चिखलाची तयारी ठेवावी. तिथली काळी माती आणि आपली तापीकाठची काळी माती सख्ख्या बहिणी. इंग्रजांनी दोन्हीकडे तिला कपाशीची काळी माती म्हटले. पाऊस पडला की व्हॅन रुतते. लँड क्रूझर हवी ती याही कारणाने.

मारा विषुववृत्ताला लागून आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो आणि सरळ डोक्यावर चढतो. आपल्याकडच्या हिवाळ्यासारखे तिरपे ऊन तिथे फार वेळ टिकत नाही. कोवळा प्रकाश मिळतो तो तासाभराचा. म्हणून नाश्ता डब्यात बांधून घ्यावा आणि फाटक उघडताच आत असावे. हॉटेलच्या गरम इडलीसाठी आठला निघणाऱ्या गटाने लेन्स नेलीच कशाला?

बसलेल्या प्राण्याला शटर 1/500 सेकंद पुरते, चालत्याला 1/1000, धावत्या चित्त्याला किंवा उडत्या पक्ष्याला 1/2000 च्या वर. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा 6400 करावी. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो चालत नाही. काळी रानम्हैस चौकट भरून असेल तर कॅमेरा तिला राखाडी करू बघतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप (स्टॉप हे उजेडाचे माप) कमी करावे. पांढरा बगळा चौकट भरून असेल तर उलट, वाढवावे. तोच बगळा लहान आणि मागे गर्द झाडी असेल तर पुन्हा कमी, नाहीतर त्याची पिसे जळून नुसता पांढरा ठिपका उरतो.

धुळीत लेन्स बदलू नये. दोन कॅमेरे नसतील तर दिवसभर एकच लेन्स ठेवावी आणि वरून उपरणे टाकावे. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण बसतात. रबरी फुगा न्यावा. अनेक कॅम्पमध्ये वीज ठरावीक तासच असते, म्हणून किमान तीन बॅटऱ्या हव्यात, त्याही हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असते, आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही.

चाळीसगावच्या केकी मूस यांनी घराबाहेर फारसे न पडता टेबलावर मांडणी करून फोटो घडवले. प्रकाश आणि कोन दोन्ही त्यांच्या हातात होते. सफारीत हे दोन्ही चालकाच्या हातात असते. त्याला पहिल्याच दिवशी सांगावे, ‘दोन सिंह कमी दाखवा, पण सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावा आणि इंजिन बंद करा.’ ‘अजून जवळ घ्या’ म्हणून मात्र त्याच्या मागे लागू नये. मारात रस्ता सोडण्यास मनाई आहे, एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या थांबू नयेत असा नियम आहे, आणि दंड झाला तर तो त्याच्या पोटावर येतो. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून गर्दीचा त्रास त्याला सर्वांत जास्त. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातल्या अभ्यासात, पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात एका वेतातली सरासरी 0.2 पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जगली, कमी वर्दळीच्या भागात 2.3. ज्यांना खरोखर जवळून आणि निवांत काम करायचे आहे, त्यांनी राखीव क्षेत्राला लागून असलेल्या खासगी संवर्धन क्षेत्रांत दोन रात्री घ्याव्यात. तिथे गाड्या मोजक्या असतात आणि नियमात राहून रस्ता सोडता येतो. पैसे जास्त पडतात, पण मुख्य राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्कही 2024 पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे, आणि तेही बारा तासांचे.

पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी, केंद्र सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी आणि पिवळी पुस्तिका जपावी. ती नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागते. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा शेव-चिवडा डब्यात न्यावा. निळे आणि काळे कपडे त्सेत्से माशीला ओढून घेतात, खाकी बरे.

सरावासाठी आफ्रिका लागत नाही. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर उडते पक्षी 1/2000 ने टिपून पाहावेत. संध्याकाळी गुरे परतताना गोरज उडते, तेव्हा सूर्य समोर ठेवून एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावे. शिंगांभोवती सोनेरी कड आली आणि धूळ पेटल्यासारखी दिसली, की तेच आकडे लिहून ठेवावेत. विल्डबीस्टच्या कळपासाठीही त्याच आकड्यांपासून सुरुवात करता येते.

आपले,
वन्यजीव छायाचित्रण करणारे काही वाचक, जळगाव