तू बंद केलेला भाग

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत आपण रोज रात्री जेवणं उरकून एरिनची जपानी कार्टून मालिका बघायचो. एरिन या मुलीनं वाढवलेल्या लिलाननं, त्या पंखांच्या राजश्वापदानं, तिच्याच हाताची बोटं तोडली आणि तू ताडकन लॅपटॉप मिटलास. "एवढं केलं तिनं लिलानसाठी, आणि ही अशी उलटली!" म्हणालीस. डोळे भरले होते तुझे. मी म्हटलं, "शेवटी जनावरच ते," आणि ओटा आवरायला गेले. सई, ते उत्तर चुकीचं होतं. पशुवैद्य असून मी ते दिलं, याची खंत तेव्हापासून मनात आहे. तू हॉस्टेलला गेल्यावर उरलेले भाग मी एकटीनं पाहिले. एकूण 50 भाग आहेत, 2009 साली वर्षभर जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर दर आठवड्याला लागायचे. मूळ कादंबऱ्या नाहोको उएहाशी या लेखिकेच्या, त्यांना 2014 साली बालसाहित्यातला अँडरसन पुरस्कार मिळाला. तुझ्या शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजी अनुवाद असेल तर बघ.

मला त्यात सगळ्यांत खरी वाटली ती शिट्टी. आवाज न येणारी. ती फुंकली की एवढं अवाढव्य, पंखांचं राजश्वापद जागच्या जागी ताठ होतं. शिवाय त्यांना ते औषधी पाणी पाजतात. म्हणूनच पाळलेली श्वापदं कधी उडत नाहीत, त्यांना पिल्लं होत नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांना वाटतं की जातच तशी. एरिन मात्र शिट्टी बाजूला ठेवते. लहानपणी तिला सांभाळणाऱ्या मधमाश्यापालक जोउनबरोबर डोंगरात राहताना तिनं रानातली श्वापद-आई पिल्लाशी कशी बोलते ते ऐकलेलं असतं. तो सूर वीणेवर धरायचा ती प्रयत्न करते, पुनःपुन्हा, आणि अन्न सोडून बसलेली जखमी लिलान खायला लागते. पुढे ती उडते, तिला पिल्लू होतं. हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. आजारी जनावर खात नाही तेव्हा आधी त्याच्या जागी जाऊन बसावं लागतं, हे मला नोकरीची दहा वर्षं झाल्यावर कळलं.

आता परवाचं सांगते. ओतूरच्या बाजूला ऊसतोड चालू असताना टोळीला फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, त्यामुळे आपल्याकडच्या माद्या तिथेच वितात. फोन आला तेव्हा मी एका विणाऱ्या गायीपाशी होते, तिथून तशीच गेले. जाईपर्यंत कुणीतरी एका पिल्लाला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होतं. वाईट हेतू नव्हता गं, उलट फार माया होती. पण माणसाच्या हातची सवय लागलेलं पिल्लू पुन्हा रानात सहसा जगत नाही. त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो.

तपासायला मी दुसऱ्याला उचललं, तर त्यानं हातमोज्यातून अंगठ्यात दात रुतवले. एवढंसं पिल्लू! डोळे अजून निळसर, मिशांना पाचटाचा कचरा चिकटलेला, आणि पोटातून फिस्कारत होतं. (इंजेक्शनं चालू आहेत, काळजी करू नकोस.) मला त्याचा जराही राग आला नाही. तेव्हाच तू लॅपटॉप मिटलास तो क्षण आठवला. दात हे त्याचं बोलणं आहे. लिलाननं केलं ते बेइमानी नव्हे. एरिननं तिला लिलान म्हणूनच वाढवलं होतं, मऊ करून ठेवलं नव्हतं, म्हणून तिचे दात शाबूत होते. माझा जीव तुटला तो त्याच्या नंतर, एरिन घाबरून तीच शिट्टी हातात घेते तेव्हा. राग यायचाच असेल तर तिथे येऊ दे. तोही लगेच सोड, कारण भीती मलाही वाटते आणि माझ्याही बॅगेत भुलीची औषधं असतात.

पिल्लांना वनखात्याच्या माणसांनी टोमॅटोच्या क्रेटमध्ये घातलं आणि संध्याकाळी क्रेट त्याच सरीत नेऊन ठेवलं. टोळीनं काम थांबवलं, गावकरी घरात गेले. आम्ही दूर जीपमध्ये दिवे मालवून बसलो, कॅमेरा क्रेटच्या समोर लावलेला. मादी त्या रात्री आली. सकाळी चित्रफीत बघितली. आधी नुसती घिरट्या घालत होती. मग पंजानं क्रेट आडवं केलं, एकाला मानगुटीला धरून उचललं आणि गेली. बराच वेळ कॅमेऱ्यात नुसता ऊस हलत होता. मग परत आली, माझा अंगठा फोडणाऱ्याला घेऊन गेली. त्याच जबड्यानं ती शेळी मारते, सई. पिल्लाच्या मानेवर ओरखडासुद्धा नसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलीस की उरलेले भाग आपण पुन्हा बसून बघू. शेवट सांगत नाही. फक्त शेवटच्या भागात लिलानच्या तोंडाकडे नीट बघ.

डबा पूर्ण खात जा. बाबा शनिवारी येतील तेव्हा त्यांच्याबरोबर तीळगूळ पाठवते.

तुझी,
आई