हाताची चाल

माटुंगा, मुंबई

प्रिय वसुधा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बंगळुरात इतक्या वर्षांनी तू पुन्हा गायला बसलीस, तेही कर्नाटक पद्धतीचं, हे वाचून फार बरं वाटलं. सरळी वरिसै या सुरुवातीच्या स्वरपाठांचा पहिला काळ (मूळ वेग) जमतो, पण दुसऱ्या काळात, म्हणजे दुप्पट वेगात, शिरलं की हातही गळ्याबरोबर धावू लागतो, असं लिहिलं आहेस. त्यावरच आज सविस्तर लिहिते. पुढचं सगळं गाणं यावरच उभं राहायचंय: गळा कितीही पळो, हातानं त्याच्यामागे जायचं नाही.

आपण लहानपणी शिकलो ते तबल्याच्या भरवशावर. ठेका सतत चालू असतो, बायाचा घुमारा गेला की खालीची जागा कानाला आपोआप कळते, आणि समेवर यायला तबलजी मदत करतो. मृदंगावर असा ठरलेला ठेका वाजत नाही. मृदंग रचनेच्या अंगानं जातो, तिच्या बोलांशी खेळतो, मध्येच गप्पही होतो. मग आपण आवर्तनात नेमके कुठे आहोत हे सांगणार कोण? तो हातच. तो नुसता गाण्याच्या जोडीला धरलेला नसतो, ताल त्या हातातच राहतो. म्हणून तर गायकाचा हात मैफलभर मांडीवर चालू असतो, आणि समोर बसलेल्यांचाही.

पहिली वरिसै घे: सा पासून तार सा पर्यंत चढ, मग तसाच उतार. ती आदितालात असते. त्याची आठ अक्षरं, म्हणजे आपल्या मात्रा: लघू या भागाची चार, मग द्रुत या दोन भागांची दोन-दोन. मांडीवर थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मग थाप आणि हात उलटा, परत थाप आणि हात उलटा. पहिल्या काळात अक्षराला एक स्वर, त्यामुळे षड्ज पहिल्या थापेवर, मध्यम मधल्या बोटावर, आणि पंचम बरोबर दुसऱ्या थापेवर. दुसऱ्या काळात अक्षराला दोन स्वर. आता पंचम अनामिकेवर येतो, निषाद मधल्या बोटावर, आणि तार षड्ज त्याच बोटाच्या दुसऱ्या अर्ध्यात. म्हणजे दुसरी थाप पडते तेव्हा तू उतरायला लागलेली असतेस. तिसऱ्या काळात अक्षराला चार: थापेवर सा रि ग म, करंगळीवर प ध नि सा, अनामिका आणि मधल्या बोटावर सगळा उतार. लघू संपायच्या आत चढून-उतरून झालं, दोन द्रुतांत तेच पुन्हा.

तर तू फक्त सुरुवातीच्या चढातल्या पंचमावर लक्ष ठेव. पहिल्या काळात थाप, दुसऱ्यात अनामिका, तिसऱ्यात करंगळी. तो भलत्याच बोटावर आला की समजायचं, हात घसरला. तोंडानं एक-दोन-तीन मोजायची गरजच नाही; तोंड स्वरांत गुंतलेलं असतं, मोजायचं काम बोटांचं.

आणखी एक. लय ठरवताना पहिल्या काळापासून सुरुवात करू नकोस. आधी तिसरा काळ मनात म्हणून बघ, तो स्वच्छ निघेल इतपतच हाताची चाल ठेव. मिनिटाला चाळीस अक्षरं धरलीस तरी तिसऱ्या काळात मिनिटाला १६० स्वर येतात. साठ धरलीस तर २४०. पहिला काळ मग फार संथ वाटेल. वाटू दे. संथ लयीत दोन अक्षरांमधली जागा न डगमगता धरणं हीच खरी मेहनत आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात. काही दिवस सूर न लावता नुसते स्वर बोलून तिन्ही काळ कर. तंबोरा लाव, पण फोनवरचं ताल वाजवणारं ॲप सध्या बंद ठेव. त्यानं कान सुखावतो आणि हात आळशी होतो.

इथे माटुंग्यात आमच्या मामी अजून लहान मुलांना शिकवतात. एखाद्याचा हात धावायला लागला की त्या बोलत नाहीत, गाणंही थांबवत नाहीत. आपला तळवा त्याच्या हातावर ठेवतात आणि जुन्या चालीनंच खाली-वर करत राहतात. मुलाचा गळा दुपटीत चालू, हात मामींच्या ताब्यात! दोन-चार आवर्तनांत त्याच्या चेहऱ्यावर कळतं, की दोन्ही वेगळं चालू शकतं. तुझ्या गुरूंना सांग, त्यांनी असं करून पाहावं.

पाठांना मायामाळवगौळ रागच का, हेही तू विचारलं आहेस. हा पायंडा कन्नड संतकवी पुरंदरदासांचा मानतात (परंपरेनं काळ १४८४ ते १५६४). 'पुरंदर विठ्ठल' ही त्यांची मुद्रा, म्हणजे आपल्या विठोबाचंच नाव. या रागाला आपल्या भैरवाचेच स्वर. सा ते म जशी अंतरं, तशीच प ते वरच्या सा पर्यंत. गळ्याला एकच वाट दोनदा चालायची असते. मला तर वाटतं, सुरुवातीला हाताकडे लक्ष द्यायला उसंत मिळते ती यामुळेच.

त्यापुढच्या जंटै वरिसैत प्रत्येक स्वर जोडीनं येतो आणि दुसऱ्याला आतून धक्का द्यावा लागतो. तो धक्का हातात उतरू देऊ नकोस, एवढंच. मग सप्ततालांचे अलंकार, म्हणजे सात तालांतले स्वरपाठ. मला ते सर्वांत आवडतात. झंपतालात लघू सात अक्षरांचा: थाप, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाच बोटं, आणि परत करंगळी, पुढे एक अनुद्रुत (एकच अक्षर), एक द्रुत, मिळून दहा. गीतं सुरू होतील तेव्हा मलहरी रागातलं गणपतीचं गीत पहिलं येईल. ते रूपक तालात, तिथे द्रुत आधी आणि लघू नंतर. आदितालाला सरावलेला हात तिथे हमखास अडतो, तेव्हा दोन दिवस आधी नुसता हात फिरवून ठेव.

डिसेंबरच्या मध्यापासून चेन्नईत मार्गळी महिन्यातला संगीताचा हंगाम असतो. यंदा दोघींनी जाऊ या. तनि आवर्तनाला, मृदंग एकटा वाजत असताना, सभागृहातले हात बघायचे आहेत मला तुझ्याबरोबर. रजा कधी मिळते ते विचारून लिही, म्हणजे मी गाडीची तिकिटं बघते. आणि दुसऱ्या काळातला तुझा पंचम अनामिकेवर आला का, तेही.

तुझी,
मीनल