उद्यमनगरातल्या कुशनवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला अजून माहीत नाही. त्या दिवशी विचारायचं सुचलं नाही आणि बिलबुकाच्या कागदावरची तुमची सही लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी आठवते का? पुढच्या डाव्या सीटची कड उघडी पडलेली, आणि सोबत काठी घेतलेले माझे बाबा.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना एसटीची पायरी चढवत नाही. जोतिबा आणि नरसोबाची वाडी करायची त्यांची फार इच्छा, म्हणून दोन दिवसांसाठी गाडी घेतली, भाऊ चालवणार होता. जोतिबाचा गुलाल सीटला लागू नये म्हणून आईनं घरातनं जुन्या चादरी आणून अंथरल्या होत्या. गाडी परत दिली तेव्हा आत गुलालाचा कण नव्हता. तरी तिथल्या माणसानं मोबाईलचा टॉर्च मारून सीटची कड दाखवली, बाबांच्या काठीकडं बघितलं आणि म्हणाला, "हे काठीनं झालंय." अख्ख्या सीटचे १४,००० रुपये. डिपॉझिटचे ५,००० ठेवून घेतले, उरलेले ९,००० भरा, नाहीतर स्वतःच्या खर्चानं शिवून आणा.

गाडी घेताना आम्ही आतून फोटो काढले नव्हते. चूक आमची. पण पुढचे तीन दिवस ज्याच्याकडं गेलो त्यानं तेवढंच ऐकवलं. कस्टमर केअरवाल्यांनी दरवेळी पहिल्यापासून सगळं विचारलं आणि दरवेळी तक्रार बंद केली. ओळखीतले एक वकील म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठी कशाला भांडताय. एका नातेवाइकांनी तर बाबांच्या तोंडावर सांगितलं, काठी जरा सांभाळून ठेवायची. ते वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

कारण त्यानंतर बाबांनी काठी दाराआड ठेवून दिली. उठायचं झालं की भिंत धरून उठायचे. जेवताना बोलायचे नाहीत. तिसऱ्या रात्री आईला म्हणाले, "माझ्याच हातनं झालं असणार. एफडी मोडून देऊन टाक."

तुमच्याकडं आम्ही नुसतं शिवून घ्यायला आलो होतो, मामा. काठीनं फाटलंय, असं मीच तुम्हाला सांगितलं. तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घेतलात, कडेत बोट घातलंत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "हे फाटलेलं न्हाई. उसवलंय."

मला बोलावून आतला फोम दाखवलात, पिवळा पडलेला. ताजं उघडलं असतं तर पांढरा दिसला असता, म्हणालात. मग कडेला लोंबणारे दोन टाके नखानं वर उचललेत. मूळची शिलाई मशीनची, जाड काळ्या दोऱ्याची, आणि हे दोन टाके हातानं घातलेले, साध्या दोऱ्याचे. म्हणजे ही कड आधी एकदा उसवून कुणीतरी शिवली होती. "उतरताना जो तो हितंच घासतोय. ही कड पयली जाती."

मी म्हटलं, मग आता शिवता ना? तर तुम्ही हात मागं घेतलात. "शिवलं की पुरावा गेला."

समोर चालून आलेलं काम होतं. शिवून पैसे घेतले असते तरी आम्ही तुमचे आभारच मानले असते.

पण माझ्या डोळ्यांसमोरनं जात नाही ते त्याच्या पुढचं. तुम्ही बाबांकडं काठी मागितलीत. तिचं रबरी बूच सीटच्या कडेला टेकवून म्हणालात, "हे बोथट. ह्यानं दोरा तुटंल कसा?" आणि मग, कुणी सांगितलं नसताना, खांद्यावरचा मळका फडका बाजूला ठेवून खुंटीवरचा धुतलेला पंचा घेतलात. मुठीपासून बुचापर्यंत काठी पुसलीत आणि दोन्ही हातांनी बाबांना दिलीत. "काका, तुमच्या काठीनं कायबी झालेलं न्हाई."

बाबांनी ती घेतली आणि ताठ उभे राहिले. मी गाडीच्या मागं जाऊन रडले.

पुढचं फार सांगत नाही. तुम्ही लिहून दिलेला कागद आणि तुम्हीच उजेडात धरून काढायला लावलेले टाक्यांचे फोटो जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. यावेळी कंपनीचा फोन स्वतःहून आला. ९,००० ची मागणी मागं घेतली आणि डिपॉझिटचे पूर्ण ५,००० परत आले.

फौंड्री आणि लेथवर मोठं झालेलं आपलं कोल्हापूर. इथं मिस्त्री नुसत्या आवाजावरनं बेअरिंग गेलंय का सांगतो. त्या जाणकारीचं कौतुक लहानपणापासून ऐकलंय. पण तुम्ही जे बघितलंत ते आमच्या बाजूनं कागदावर लिहून खाली सही केलीत, उद्या कोण विचारायला येईल याची फिकीर न करता. तीन दिवसांत शिकल्यासवरलेल्या एकाही माणसानं आमच्यासाठी एक ओळ लिहिली नव्हती. पैसे विचारले तर "चहा घेऊन जावा" म्हणालात आणि चहाचेही तुम्हीच दिलेत.

काठी आता बाबांच्या खुर्चीला टेकलेली असते. पुढच्या आठवड्यात मामेभाऊ त्याच्या गाडीतनं त्यांना परत वाडीला नेतोय. येताना पेढे घेऊन तुमच्याकडं यायचं, असं बाबांनी ठरवलंय, तेही स्वतः चालत आत येऊन. फक्त दुपारी दुकान कितीपर्यंत उघडं असतं तेवढं कळवा, आणि तुमचं नावही.

तुमची,
काठीवाल्या काकांची मुलगी