सेन्सेक्सचं 'कारण' जरा जपून छापा

संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की आपल्या अर्थ पानावर सेन्सेक्स का चढला नि का पडला ते ठासून छापलेलं असतं, त्याबद्दल थोडं बोलायचंय. ६ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प जिंकले, सेन्सेक्स ९०१ अंकांनी वर, का तर निकाल क्लिअर लागला. दुसऱ्याच दिवशी ८३६ अंकांनी खाली, आता का तर ट्रम्प टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लावतील. अहो, टॅरिफ लावणार म्हणून तो माणूस प्रचारात घसा फोडून सांगत होता, एका रात्रीत नवीन काय कळलं?

२०१६ चं तर माझ्या मेव्हण्याला विचारा. ८ नोव्हेंबरला रात्री ८ वाजता नोटाबंदी, आणि सकाळी बाजार उघडतोय तर तिकडे मतमोजणीत ट्रम्प पुढे. सेन्सेक्स जवळपास १,७०० अंक आपटला, बँका बंद, एटीएम बंद, खिशात पाचशेच्याच नोटा, याने घाबरून ब्रोकरला फोन लावला आणि होतं नव्हतं ते विकून टाकलं. संध्याकाळी बघतो तर घसरण उरली ३३९ अंकांची! त्यातले नोटांचे किती नि ट्रम्पचे किती, हे त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही (आणि घरात हा विषय काढायचा नाही असा बहिणीचा हुकूम आहे).

२००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांवरून बुश आणि गोर यांच्यात राष्ट्राध्यक्ष कोण, हे प्रकरण १२ डिसेंबरपर्यंत कोर्टात लटकलं, तसली टांगती तलवार ही रिस्क मी समजू शकतो. पण खरा दणका निकालाच्या दिवशी बसतच नाही. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा सीप्झला (अंधेरीतलं निर्यात क्षेत्र) दागिन्यांच्या युनिटमध्ये आहे, माल सगळा अमेरिकेला जायचा. निकाल लागला २०२४ च्या नोव्हेंबरात, आणि भारताच्या मालावर २५ टक्के टॅरिफ अधिक भारत रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ असे ५० टक्के लागू झाले २७ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे मधे नऊ महिने गेले. आधी त्याचा ओव्हरटाइम गेला, मग आठवड्यातले दोन दिवस घरी. तो ९०१ अंकवाला दिवस त्याला आठवतही नाही, त्याचे शेअरच नाहीत ना!

तेव्हा पुढच्या वेळी अंकांशेजारी कारण छापताना नुसतं 'असं म्हणतात' एवढं जरी घातलंत तरी चालेल, आणि एखादा वार्ताहर अंधेरीला सीप्झच्या गेटवर पण पाठवा.

मेव्हणा आत्तापासूनच विचारतोय, २०२८ च्या आधी विकू का.

आपला एक जुना वाचक,
जोगेश्वरी पूर्व, मुंबई