टोपणनाव पेपरवाले देतात

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत खऱ्या गुन्हेगारांवरच्या सिनेमांबद्दल आलं होतं, सगळे हॉलिवूडचे नाहीतर आपल्याकडचे, ब्राझीलचा एकही नाही म्हणून हे लिहितोय. १९६८ चा 'ओ बांदिदो दा लुझ वेर्मेल्या' बघाच, म्हणजे लाल बॅटरीवाला दरोडेखोर. मी मागच्या आठवड्यात दोनदा बघितला, मुलाने सबटायटल्ससकट लावून दिला.

डायरेक्टर रोजेरिओ स्गांझेर्ला तेव्हा अवघा २२ वर्षांचा, आणि ज्याच्यावरून सिनेमा केला तो जोआव आकासियो परेरा दा कोस्ता १९६७ मध्येच पकडला गेलेला, म्हणजे प्रकरण अजून ताजंच होतं. हा माणूस साओ पावलोच्या श्रीमंतांच्या घरात रात्री शिरायचा, आधी लाईट तोडायचा आणि मग अंधारात लाल उजेडाची बॅटरी. नुसत्या चोऱ्या नाहीत, चार खून पण आहेत, त्यामुळे त्याला हिरो म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही.

पण सिनेमात मला लागलं ते वेगळंच. पूर्ण वेळ एक बाई आणि एक पुरुष रेडिओवर सनसनाटी बातम्या दिल्यासारखे आलटून पालटून बोलत असतात, दिव्यांच्या पाटीवर अक्षरं पळत असतात, आणि तो दरोडेखोर बॅग घेऊन फिरतोय आणि विचारतोय की मी आहे तरी कोण. त्याला कळेना पण पेपरांना सगळं माहीत! आणि 'लाल बॅटरीवाला' हे टोपणनाव तरी त्याचं होतं का, अमेरिकेतल्या कॅरिल चेसमन नावाच्या गुन्हेगाराला तिथे हेच म्हणायचे, १९६० ला त्याला गॅस चेंबरमध्ये मारलं, तेच नाव साओ पावलोच्या पेपरांनी उचलून याला चिकटवलं.

खऱ्या जोआवला शिक्षा झाली ३५१ वर्षांची, पण कायद्याने ३० च्या वर ठेवता येत नव्हतं म्हणून १९९७ ला सुटला आणि जानेवारी १९९८ मध्ये गोळी लागून मेला, बाहेर जेमतेम चार महिने. तीस वर्षांनंतर पण लोक त्याला त्याच नावाने ओळखत होते. ज्यांच्या घरात तो शिरला त्या माणसांना कुठे कोण ओळखतं?

तुमच्या पेपरात पण आरोपी कोठडीत जाऊन एक दिवस होत नाही तोवर हेडिंगमध्ये त्याचं बारसं झालेलं असतं, हे मला खरंच खटकतं. तुमच्या क्राईमच्या रिपोर्टर मंडळींना हा सिनेमा एकदा दाखवा, दीड तासाचाच आहे.

एक जुना वाचक, सांगली